डिझेलची गळती आणि आमचे बेळगावचे मेस्त्री



बेळगावच्या शाळा, नाटकं, व्याख्यानमाला, वाचनालयं, सीमालढा यांवर इथं पुष्कळ लिहून झालंय आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ज्या गावाचा व्यापार रस्त्यावर उभा राहिला, त्या गावाच्या आठवणींत ट्रक आणि ट्रक दुरुस्त करणारी माणसं फारशी दिसत नाहीत. मी साधा बी.कॉम., धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा. बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. इंजिनाचं शिक्षण काही नाही. पण ट्रकच्या कर्जांमुळे गॅरेजच्या बाकड्यावर इतके तास बसलोय, की जुन्या ट्रकचा एक आजार मला चांगला पाठ झाला, तो म्हणजे डिझेलची गळती. विषय जरा तेलकट आहे, खरं त्यात आपल्या गावाचा इतिहास आहे. (हे ‘खरं’ आपल्या बेळगावचं, म्हणजे ‘पण’. बाहेरच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये!)

आधी थोडा इतिहास.

बेळगाव हे पुणे-बंगळूर रस्त्यावरचं गाव. वरच्या अंगाला निपाणी आणि कोल्हापूर, खालच्या अंगाला धारवाड आणि हुबळी, आणि पश्चिमेला घाट उतरला की गोवा नाही तर वेंगुर्ला. निपाणीची तंबाखू, खानापूरची कौलं आणि विटा, आपल्याकडची भाजी, सगळं चाकांवरच जायचं. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने वापरलेल्या फोर्ड आणि शेवरोले गाड्या देशभर लिलावात निघाल्या. जुन्या मंडळींच्या तोंडी त्या ‘डिस्पोजलच्या गाड्या’. मी लहान असताना असल्या काही गाड्या अजून ओझी वाहत होत्या. त्या पेट्रोलवर चालायच्या आणि त्यांचा त्रासही पेट्रोलचाच. उन्हाळ्यात घाट चढताना नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंपाला वाफ ओढता येत नसे. गाडी उभी राहायची. मग क्लीनर ओढ्यातून पाणी आणून पंपावर ओलं फडकं गुंडाळायचा, सगळे बिडी ओढत अर्धा तास बसायचे, आणि गाडी परत सुरू. बिडी मात्र लांब जाऊन ओढायची, हा नियम कडक.

१९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपुरातून टाटा-मर्सिडीज-बेंझ डिझेल ट्रक बाहेर पडू लागले. नाकावर तीन टोकांची चांदणी. १९५५ मध्ये मद्रासकडे अशोक लेलँड हे नाव आलं. करार १९६९ मध्ये संपला आणि चांदणी गेली, तरी आमच्याकडचे जुने ड्रायव्हर पुढे कित्येक वर्षं टाटाच्या गाडीला ‘मर्सिडीज’च म्हणत.

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होते म्हणा ना, आणि नेमक्या त्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा आत मारला जातो. हा फवारा मारणारा पंप हे या इंजिनाचं काळीज. जर्मनीत बॉश कंपनीने १९२७ पासून असे पंप मोठ्या संख्येने बनवायला घेतले. १९५१ मध्ये बंगळूरला मायको कंपनी निघाली आणि पुढे मायकोचे पंप, नोझल, फिल्टर हे शब्द आमच्या गॅरेजांमध्ये भाकरी-चटणीसारखे रुळले. आमचे मेस्त्री ‘पंप’ म्हणत नसत, ‘मायको’ म्हणत.

या पंपाचा दाब किती? ट्रकच्या टायरात जेवढी हवा भरतो, त्याच्या पंधरा-वीस पट आणि वरसुद्धा. डिझेल दाबलं तर फारसं आकसत नाही, म्हणून हा दाब नोझलपर्यंत पोचतो. हवा मात्र स्पंजासारखी दबते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला, की पंपाचा सगळा जोर त्या बुडबुड्याला दाबण्यातच जातो आणि नोझल उघडत नाही. गाडी बंद. याला आमच्याकडे म्हणायचे ‘गाडीनं एअर घेतली’. पेट्रोलच्या गाडीचा शत्रू वाफ, डिझेलच्या गाडीचा शत्रू हवा.

आता यात आमच्यासारखे बँकवाले कुठून आले?

१९५५ पासून गोव्यावर भारत सरकारची आर्थिक नाकेबंदी होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि घाट उतरण्याचा धंदा खुला झाला. त्याआधी १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो होतो, त्यामुळे कोल्हापूरला जायचं म्हणजे दुसऱ्या राज्यात जायचं. परमिट, टॅक्स, नाके, सगळं दुप्पट. तरीही ट्रक वाढत गेले. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि लहान वाहतूकदारांना कर्ज देणं हे अग्रक्रमाचं काम ठरलं. तोवर ट्रक घ्यायचा म्हणजे सावकार नाही तर घरातलं सोनं. आता काल-परवापर्यंत दुसऱ्याची गाडी चालवणारा ड्रायव्हर बँकेच्या दारात येऊन ‘माझी स्वतःची गाडी करायची हाय’ असं म्हणू लागला. गदगला १९७६ मध्ये एका ट्रकवर सुरुवात करून विजय संकेश्वर केवढे मोठे झाले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण बहुतेक जण एका ट्रकवर सुरू झाले आणि एका ट्रकवरच राहिले. तो एक ट्रक म्हणजे मुलींची लग्नं, मुलांच्या फिया, घरावरची कौलं.

मी १९७२ ला बँकेत लागलो. पुढे ऑफिसर झाल्यावर गहाण ट्रकची पाहणी माझ्याकडे आली. आरसी बुकावर बँकेचं नाव आहे का, विमा चालू आहे का, चासिस नंबर जुळतो का, टायर कसे आहेत, हे सगळं वहीत लिहून आणायचं. हळूहळू मी आणखी एक गोष्ट बघायला शिकलो. गाडी हलवल्यावर खालच्या जमिनीवर काय उमटलंय ती. कारण माझ्या अनुभवात हप्ता थकण्याआधी बहुतेक वेळा गाडी थकायची.

फोर्ट रोडच्या बाजूला एक पत्र्याची शेड होती. तिथले मेस्त्री माझे गुरू. त्यांची मायबोली कानडी, मराठी अस्सल बेळगावी, आणि ड्रायव्हर मिरजेचा असो, हुबळीचा असो की फोंड्याचा, ते त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायचे. गावात भाषेवरून ताण असायचा त्या दिवसांतही त्या शेडमध्ये ‘डिझेल सोरतैती’ आणि ‘डिझेल गळाय लागलंय’ ही दोन्ही वाक्यं एकाच गाडीबद्दल, एकाच वेळी ऐकू यायची. शिक्षण चौथी. पण गळतीला त्यांच्याकडे तीन वेगळे शब्द होते. पाझर, ठिबक आणि धार. पाझर म्हणजे ओल दिसते पण थेंब पडत नाही. ठिबक म्हणजे थेंब मोजता येतो. धार म्हणजे गाडी हलवायची नाही, आधी इंजिन बंद.

एकदा मी विचारलं, ‘‘थोडं ठिबकलं तर एवढं काय बिघडतं?’’ त्यांनी उत्तर दिलं नाही. औषधाची एक रिकामी बाटली तारेने गळणाऱ्या जोडाखाली बांधली आणि तासाभराने ये म्हणाले. तासाभरात ६० मिलिलिटर जमलं होतं. पुढचा हिशोब मी केला, तो माझा प्रांत. दिवसाला दहा तास गाडी चालली तर ६०० मिलिलिटर. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १८० लिटर. लिटरला चार किलोमीटर धरले तर ७२० किलोमीटरचं डिझेल. म्हणजे बेळगावहून मुंबई गाठून, परत पुणे ओलांडून यायचं, आणि ते सगळं रस्त्यावर सांडत. १९७३ मध्ये तेलाचे भाव जगभर भडकले होते, १९७९ मध्ये इराणच्या उलथापालथीनंतर पुन्हा भडकले आणि डिझेलसाठी पंपांवर रांगा लागल्या. त्या काळात १८० लिटर म्हणजे चेष्टा नव्हे. शिवाय सांडलेलं डिझेल रबरी नळ्या फुगवतं, रस्त्यावर सायकल-स्कूटरवाल्यांना घसरवतं, आणि त्याचा फवारा तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर उडाला तर आग लागते. डिझेल पेट्रोलसारखं झटकन पेटत नाही या भरवशावर राहून गाड्या जळालेल्या आहेत.

पण मेस्त्रींचं खरं ज्ञान वेगळंच होतं, आणि ते समजायला मला वर्ष लागलं. ते म्हणायचे, ‘‘सायेब, गळतंय त्याला भ्यायचं नाही. ते दिसतंय. दिसत न्हाई त्याला भ्यायचं.’’

याचा अर्थ असा. जुन्या ट्रकच्या डिझेलच्या वाटेचे दोन भाग असतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीचा. तिथे पंप डिझेल ओढून घेतो, जसं आपण नळीने सरबत ओढतो. फीड पंपापासून पुढे फिल्टर, मायको आणि नोझलपर्यंतचा भाग दाबाचा. दाबाच्या भागात बारीक भोक पडलं तर डिझेल बाहेर येतं आणि दिसतं. ओढीच्या भागात भोक पडलं तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. खाली थेंब नाही, वास नाही, नळी कोरडी ठणठणीत. आणि गाडी मात्र घाटात बंद पडते.

याचंच एक प्रकरण सांगतो. माणसाचं नाव सांगत नाही, त्यांची मुलं-नातवंडं आज गावात आहेत.

सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. खानापूरकडचा एक ड्रायव्हर, स्वतःची टाटा १२१० केलेली. घर तारण. वडील नाहीत, दोन बहिणी लग्नाच्या. गोव्याला भाजी आणि कौलं न्यायचा. लोंढा, रामनगर, अनमोड घाट, मोले, फोंडा अशी वाट. पहिलं वर्ष हप्ते घड्याळासारखे. दुसऱ्या वर्षी गाडी त्रास द्यायला लागली. सपाटीवर उत्तम. भरल्या गाडीने परतीचा घाट चढायला लागला की आधी जोर जायचा, मग इंजिन धापा टाकायचं आणि बंद. हातपंप मारला, एअर काढली, की दोन-तीन मैल चालायची. सकाळी तर सुरूच व्हायची नाही. भाजीचा माल वेळेत पोचला नाही की बाजार गेला. व्यापाऱ्यांनी माल देणं कमी केलं.

त्याने दुसऱ्या एका शहरात नेऊन पंप उघडून घेतला. फरक नाही. नोझल बदलले. फरक नाही. पुन्हा पंप उघडला. यात तीन हप्त्यांएवढे पैसे गेले आणि बँकेचे तीन हप्ते थकले. आमच्या शाखेत नोटीस टाईप होऊन सहीसाठी टेबलावर आली. मॅनेजर वाईट माणूस नव्हते, पण वरून विचारणा सुरू होती. मी पंधरा दिवस मागून घेतले आणि त्याला म्हटलं, गाडी एकदा आमच्या मेस्त्रींना दाखव.

मेस्त्रींनी पान्याला हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले. सकाळी त्रास जास्त की दुपारी? टाकी भरलेली असताना होतं की अर्धी झाल्यावर? बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडलं तर ‘सुस्स’ असा आवाज येतो का? इंजिन ऑईल वाढलंय का? या प्रत्येक प्रश्नामागे कारण होतं. झाकणाला हवा जायचं बारीक भोक असतं. ते लाल मातीने बुजलं तर टाकीत हवा जात नाही, पंप ओढत राहतो आणि काही मैलांवर गाडी बंद. झाकण उघडलं की टाकी सुस्कारा सोडते, तोच तो आवाज. इंजिन ऑईल वाढलं असेल आणि त्याला डिझेलचा वास असेल, तर डिझेल आतल्या आत गळून ऑईलमध्ये मिसळतंय. ते फार वाईट, कारण ऑईल पातळ होऊन बेअरिंग जातात. इथे यातलं काही नव्हतं. पण सकाळी गाडी सुरू होत नाही आणि टाकी अर्धी झाली की त्रास वाढतो, या दोन उत्तरांवर मेस्त्री मान हलवून म्हणाले, ‘‘मायकोला का छळाय लागलाय? मायको बरा हाय.’’

मग त्यांनी डबा बांधला. पाच लिटरचा स्वच्छ डबा, त्यात गाळलेलं डिझेल. डबा इंजिनाच्या वरच्या बाजूला टांगला आणि त्यातून नळी थेट फीड पंपाला जोडली. म्हणजे टाकी आणि टाकीपासून येणारी नळी बाजूलाच ठेवली. एअर काढली आणि भरलेली गाडी चढाला लावली. एकदाही अडखळली नाही. दहा मिनिटांत निकाल. आजार डब्याच्या अलीकडे, म्हणजे टाकी ते फीड पंप एवढ्यातच. पंप, नोझल, फिल्टर सगळे निर्दोष. ज्यावर पैसे गेले होते तो भाग चांगला होता आणि जो भाग कुणी बघितलाच नव्हता तो आजारी होता.

नळी चासिसच्या कडेने जाते, तिथे तिला जागोजागी पट्टीने धरलेलं असतं. एका पट्टीचं रबर झिजून गेलं होतं आणि नळी पत्र्यावर घासत होती. पट्टी सोडवल्यावर तिच्याखाली केसाएवढी चीर. वरून मातीचा थर. डिझेलचा थेंब नाही. चालू असताना ती चीर हवा ओढत होती, आणि रात्री गाडी उभी असताना त्याच चिरेतून हवा शिरून नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरत होतं, म्हणून सकाळचा त्रास. टाकी भरलेली असली की ओढ कमी लागायची, म्हणून तेव्हा त्रास कमी. घाटात इंजिन जास्त डिझेल मागतं, म्हणून तिथे बंद. सगळी लक्षणं एका चिरेत बसली.

दोन फूट नळी, चार तांब्याचे वायसर, पट्टीखाली नवं रबर. एवढीच दुरुस्ती. नोटीस टेबलावरून फायलीत गेली आणि फायलीतच राहिली. थकलेले हप्ते वर्षभरात भरले गेले आणि कर्ज मुदतीत फिटलं. दोन्ही बहिणींची लग्नं झाली, आम्ही जेवून आलो.

हिशोबातसुद्धा ताळेबंद जुळला नाही की आम्ही पहिल्या पानापासून सगळं परत लिहीत नसू. मधला एखादा दिवस धरून तिथपर्यंत जुळतंय का ते बघायचं, मग चूक अलीकडे की पलीकडे ते ठरतं. मेस्त्रींचा डबा म्हणजे हेच. फरक एवढा, की मला हे कॉलेजात शिकवलं होतं आणि त्यांना कुणीच शिकवलं नव्हतं.

त्यांच्या काही रीती इथे लिहून ठेवतो. जुना ट्रॅक्टर, जनरेटर, शेतावरचं डिझेल इंजिन असलेल्यांना आजही उपयोग होईल.

दिसणारी गळती शोधताना आधी सगळे जोड पुसून कोरडे करायचे, मग त्यावर खडूची नाही तर रांगोळीची पूड मारायची आणि इंजिन चालू करायचं. पूड जिथे प्रथम ओली होते तिथे गळती. डिझेल नळीवरून वाहत जाऊन दुसरीकडेच ठिबकतं, म्हणून थेंब पडतो ती जागा खरी मानायची नाही.

गळणारा जोड पान्याने करकचून आवळायचा नाही. तिथे तांब्याचा वायसर असतो. वारंवार दबून तांबं कडक होतं आणि मग ते बसत नाही. जास्त आवळलं तर आटे जातात आणि दहा पैशांचं काम शंभर रुपयांवर जातं. नवा वायसर मिळत नसेल तर जुना स्टोव्हवर लाल करून पाण्यात टाकायचा, तांबं परत मऊ होतं. लोखंड असं केलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं, हे मी त्या शेडमध्येच पहिल्यांदा पाहिलं. मग वायसर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपरने घासायचा आणि बसवायचा.

एअर काढायची ती टाकीकडून इंजिनाकडे, ओळीने. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा, बुडबुडे संपून नितळ डिझेल आलं की बंद. मग मायकोवरचा स्क्रू. त्यानंतरच नोझलकडच्या नळ्यांचे नट. ओळ चुकली तर पुढे काढलेली हवा मागून परत येते.

पावसाळ्यात रात्री टाकी भरून उभी करायची. रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं, ते तळाशी बसतं, टाकी गंजते आणि तो गंज जाळीत अडकतो. महिन्यातून एकदा टाकीखालचा बूच उघडून तळचं पाणी काढून टाकायचं.

रस्त्यावरचे इलाज वेगळे. टाकीला बारीक चीर गेली तर कपडे धुण्याचा साबण त्यात घट्ट घासून बसवायचा. डिझेलमध्ये साबण लवकर विरघळत नाही. नळी फुटली तर सायकलची ट्यूब आणि तार. पण मेस्त्री बजावायचे, ‘‘हे घरी पोचाय पुरतं. घरी पोचल्यावर ह्याला दुरुस्ती म्हणायची न्हाई.’’

आणि दोन गोष्टींत त्यांनी कधी सूट दिली नाही. पहिली, टाकीला वेल्डिंग. एका गॅरेजमध्ये टाकी रिकामी आहे म्हणून तशीच वेल्डिंगला घेतली. रिकाम्या टाकीतच वाफ असते. टाकी फुटली आणि सोळा-सतरा वर्षांच्या एका पोराचे दोन्ही हात भाजले. तो वाचला, पण त्या हातांनी परत पाना धरला नाही. आमच्या मेस्त्रींकडे टाकी आधी धुतली जायची, वाफ देऊन परत धुतली जायची, मग जोडायच्या जागेपर्यंत पाण्याने भरली जायची. वेळ लागतो म्हणून गिऱ्हाईक कुरकुरलं तर ते गाडी परत न्यायला सांगायचे. दुसरी, दाबाच्या नळीचा फवारा हाताने चाचपायचा नाही. तो फवारा कातडी भेदून आत जातो, वरून टोचल्याएवढंच दिसतं आणि आतून बोट सडतं. पुठ्ठा पुढे धरून बघायचं. कुणाला असं झालंच तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना.

पुढचा काळ तुम्हाला माहीत आहे. आताच्या गाड्यांत कॉमन रेल आलं, डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजार-दीड हजार पटींत गेला. नोझलचे नट ढिले करून एअर काढण्याची जुनी रीत तिथे चालत नाही, जिवावर बेतू शकतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं. आता मशीन लावून बिघाड वाचतात. रस्ता चौपदरी झाला, नंबरही बदलला, चारचा अठ्ठेचाळीस झाला. २०१४ मध्ये गावाचं नाव बेळगावी झालं. ती पत्र्याची शेड गेली, मेस्त्री गेले. त्यांच्या मुलाने हा धंदा घेतला नाही आणि त्यात त्याची काही चूक नाही.

गंमत म्हणजे त्या शेडमधलं एक वाक्यही कुणी कागदावर उतरवलं नाही. कर्जाच्या फायली आम्ही शिवून ठेवल्या, त्यांत गाडीचा नंबर आहे, हप्ता आहे, व्याज आहे. ते कर्ज कुणामुळे फिटलं ते मात्र कुठेच नाही. घर वाचलं ते कर्जदाराच्या कष्टाने, हे खरंच. पण दोन फूट नळी कुठली बदलायची हे ज्याला कळलं, त्याचाही वाटा त्या घरात आहे. आपल्या गावात मराठी, कानडी, मुसलमान, ख्रिस्ती अशा सगळ्या घरांतून असे मेस्त्री निघाले आणि त्यांच्या जिवावर अनमोडचा घाट चढला-उतरला गेला.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात कुणी ड्रायव्हर, क्लीनर, मेस्त्री, पंपवाले, स्पेअरपार्टवाले असतील, तर त्यांच्याजवळ बसून त्यांची रीत लिहून घ्या. नुसत्या आठवणी नकोत, काम कसं करत ते लिहा. कुठला प्रश्न आधी विचारायचे, कुठला पाना कधी उचलायचे, कुठल्या आवाजाला काय म्हणायचे. निपाणी, संकेश्वर, खानापूर, फोंडा, वेंगुर्ला, कुठलेही असा. कानडीतला शब्द असेल तर तसाच लिहा, कोकणीतला असेल तर तसाच. आणि माझ्या लिहिण्यात इंजिनाचं काही राहून गेलं असेल तर जाणकारांनी खाली भर घालावी. जाणकार अजून आपल्यात आहेत, तोवर हे करून घेऊ.